वसई-विरारमधील रस्त्यावरील मुलांसाठीचे समाजकार्य

वसई-विरारमधील रस्त्यावरील मुलांसाठीचे समाजकार्य या संज्ञेत महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर व वसई तालुक्यात रेल्वे स्थानके, पदपथ, झोपडवस्त्या, मिठागरे आणि वीटभट्ट्या येथे राहणाऱ्या अथवा राबणाऱ्या मुलांना व त्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सामाजिक आधाराचा समावेश होतो. स्वयंसेवी संस्था, धर्मादाय मंडळे, श्रमिकांच्या संघटना, शिक्षक आणि सामान्य नागरिक हे या कार्यातील प्रमुख घटक आहेत. शासकीय यंत्रणा व कायदा यांची चौकट त्याला लाभलेली आहे.

या क्षेत्रातील विचारात गेल्या शतकभरात मोठा बदल झाला. पूर्वी निराधार मुलाला उचलून संस्थेत ठेवणे म्हणजेच त्याचे कल्याण, अशी धारणा होती. आज मुलाचे कुटुंब सावरणे हा पहिला उपाय आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला जातो. वसई परिसराच्या इतिहासात या दोन्ही विचारांचे दाखले आढळतात.

पार्श्वभूमी

वसई-विरार हे मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडे वसलेले शहर आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणा नदी आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर अशी त्याची नैसर्गिक चतुःसीमा आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व लगतची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला व वसई तालुका त्यात समाविष्ट झाला.

पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही या शहराची स्थानके होत. मुंबईत घर परवडत नसलेली अनेक कुटुंबे या पट्ट्यात स्थायिक झाली. शहराच्या पूर्वेकडील चाळी व वस्त्यांत महाराष्ट्राच्या इतर भागांतून व परराज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात. दुसरीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे हंगामी कामासाठी वसई, भिवंडी व आसपासच्या भागांत उतरतात. त्यामुळे येथील वंचित मुलांचे प्रश्न दोन प्रकारचे आहेत. एक महानगरी, म्हणजे स्थानक, नाका आणि झोपडवस्ती यांच्याशी निगडित. दुसरा ग्रामीण, म्हणजे वीटभट्टी, मिठागर आणि स्थलांतर यांच्याशी निगडित.

संकल्पना व वर्गीकरण

'रस्त्यावरील मूल' म्हटले की घरातून पळून आलेले, एकटे मूल डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात अशा मुलांचे साधारणतः तीन गट मानले जातात.

पहिला गट कुटुंबापासून तुटलेल्या, एकट्याने राहणाऱ्या मुलांचा. दुसरा गट दिवसभर रस्त्यावर काम करून रात्री घरी परतणाऱ्या मुलांचा. फुले, गजरे व खेळणी विकणे, कचरा वेचणे, भीक मागणे ही त्यांची कामे. तिसरा गट कुटुंबासह रस्त्यावर किंवा तात्पुरत्या झोपड्यांत राहणाऱ्या मुलांचा.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी मुंबईत केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३७,०५९ रस्त्यावरील मुलांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुले आपल्या कुटुंबासह राहत होती. या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. बहुसंख्य मुलांना नवे घर देण्यापेक्षा त्यांच्या असलेल्या घराला टेकू देण्याची अधिक गरज असते. केवळ मुलासाठी आखलेला उपक्रम त्यामुळे अपुरा ठरतो. आईचे उत्पन्न, धाकट्या भावंडांचा सांभाळ, कर्ज, आजारपण आणि निवारा हे प्रश्न त्यासोबतच हाताळावे लागतात.

इतिहास

पोर्तुगीज काळ

वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि त्यांच्या 'उत्तर प्रांता'चे ते मुख्य ठिकाण होते. पोर्तुगीज नगरांमध्ये 'मिझेरिकॉर्दिया' नावाचे धर्मादाय बंधुमंडळ असे. लिस्बनमध्ये १४९८ साली सुरू झालेली ही संस्था वसईतही होती. रुग्ण, विधवा, कैदी, निर्धन व अनाथ यांना साहाय्य करणे हे तिचे कार्य होते.

याच सत्तेच्या धोरणाची दुसरी बाजूही होती. १५५९ च्या राजाज्ञेनुसार गोव्यातील अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्याची तरतूद करण्यात आली होती. अनाथांचे पालनपोषण आणि मुलाला त्याच्या समाजापासून तोडणे या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेत कशा एकत्र येऊ शकतात, याचे हे जुने उदाहरण आहे. मुलाच्या भल्यासाठी घेतलेल्या निर्णयात त्याच्या नातेवाइकांचे व समाजाचे स्थान काय, हा प्रश्न तेव्हापासून आजवर कायम आहे.

संस्थात्मक बालकल्याण

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात बालकल्याणाचे अनेक प्रयत्न झाले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पंढरपूर येथे १८७५ मध्ये प्रार्थना समाजाशी संबंधित कार्यकर्त्यांनी अनाथ बालकाश्रम स्थापन केला. पुढे मुंबई इलाख्यात १९२४ चा बाल कायदा झाला आणि १९२७ मध्ये मुंबईत 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन झाली. भटकणाऱ्या, भीक मागणाऱ्या वा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी स्वतंत्र गृहात ठेवणे ही त्या काळातील मोठी सुधारणा होती. मात्र या व्यवस्थेत 'निराधार' व 'गुन्हेगार' यांच्यातील सीमा पुष्कळदा पुसट राहत असे आणि गरीब पालकांची मुलेही संस्थेत दाखल होत.

बोर्डी व कोसबाड

आजच्या पालघर जिल्ह्यात याहून वेगळी वाट तयार झाली. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे हलवण्यात आले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे या प्रयोगाचे सूत्र होते. वस्तीतील अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा ही त्याची दोन रूपे होत. मुलाला कुटुंबातून न काढता, त्याच्या कामाच्या व राहण्याच्या जागीच शिक्षण पोहोचवण्याची ही पद्धत पुढील अनेक उपक्रमांना मार्गदर्शक ठरली.

वेठबिगार मुक्ती आणि भोंगा शाळा

वसई तालुक्यात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद ही संस्था आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन केली. तालुक्यातील दहिसर व आसपासच्या गावांतील आदिवासी वेठबिगारांची मुक्तता हे त्यांचे आरंभीचे कार्य होते. वेठबिगार पद्धती १९७६ च्या अधिनियमाने रद्द झाली होती. तरीही लग्नासाठी वा आजारपणासाठी घेतलेल्या अल्प कर्जापोटी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमीनमालकाकडे राबत होती. बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येत असल्याने मुलाचे बालपणही गहाण पडत असे. या कार्यासाठी पंडित दांपत्याला १९९९ मध्ये 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेचा गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला.

वीटभट्टीवरील मजूर राहतात त्या तात्पुरत्या झोपडीला स्थानिक बोलीत 'भोंगा' म्हणतात. विधायक संसदेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच, अशाच झोपड्यांत, मजुरांच्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. ते 'भोंगा शाळा' या नावाने ओळखले गेले. भट्टीचा हंगाम संपला की भोंगा मोडतो आणि शाळाही उठते. पण दरम्यानच्या महिन्यांत मुलाचे शिक्षण खंडित होत नाही, हा या प्रयोगाचा गाभा होता. साखर कारखान्यांच्या परिसरातील ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या 'साखर शाळा' हे याच विचाराचे दुसरे रूप होय.

वीटभट्टीचा हंगाम आणि मुले

वीटभट्टीवर जाणारे कुटुंब बहुधा पावसाळ्यात किंवा सणाच्या तोंडावर मालकाकडून आगाऊ रक्कम घेते. तिला 'बयाणा' किंवा 'उचल' म्हणतात. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर येते आणि पावसाळ्यापूर्वी गावी परतते. काम चालू असताना आठवड्याच्या खर्चापुरती 'खावटी' मिळते व हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. मजुरी पाडलेल्या विटांच्या संख्येवर ठरत असल्याने मुलांचे हातही कामाला लागतात. माती कालवणे, विटा उलटणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे मुले करतात. उचल फिटली नाही तर पुढील हंगामात त्याच मालकाकडे जावे लागते.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि स्थलांतर वर्षाच्या मध्यावर होते. त्यामुळे मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर राहते, पण मूल शंभर किलोमीटर दूर भट्टीवर असते. महाराष्ट्र शासनाने ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी एकदिवसीय सर्वेक्षण केले होते. जुलैमध्ये भट्ट्या बंद असतात. अशा दिवशी केलेल्या मोजणीत भट्टीवरची मुले भट्टीवर सापडणे शक्य नसते. हंगामानुसार फिरणाऱ्या मुलांची नोंद हंगामातच घ्यावी लागते, हे कार्यकर्त्यांचे म्हणणे या उदाहरणावरून स्पष्ट होते. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावातील शाळेत विनाअडथळा बसता यावे यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. कार्ड गावातून निघण्यापूर्वी मिळाले आणि भट्टीजवळच्या शाळेने ते स्वीकारले, तरच तिचा उपयोग होतो. या दोन टोकांना जोडण्याचे काम अनेकदा स्थानिक कार्यकर्तेच करतात.

रेल्वे स्थानकांवरील मुले

घर सोडलेली मुले बहुधा रेल्वेने प्रवास करतात. मारहाण, परीक्षेतील अपयश, सावत्र नात्यातील छळ, चित्रपटसृष्टीचे आकर्षण किंवा कामाचा शोध ही घर सोडण्याची नेहमीची कारणे होत. मूल स्थानकावर उतरल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात. त्या वेळेत विश्वासू प्रौढ व्यक्ती भेटली नाही, तर मूल शोषण करणाऱ्यांच्या, व्यसनाच्या वा भीक मागवणाऱ्यांच्या हाती लागण्याचा धोका वाढतो.

रेल्वे मंत्रालयाने २०१५ मध्ये रेल्वेच्या संपर्कात येणाऱ्या मुलांसाठी आदर्श कार्यपद्धती लागू केली. रेल्वे सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' मोहीम, लोहमार्ग पोलीस, स्थानकावरील हमाल, फेरीवाले व स्टॉलचालक हे या कामातील महत्त्वाचे दुवे आहेत. मुंबईतील 'समतोल फाउंडेशन' ही संस्था फलाटांवर सापडलेल्या मुलांशी संवाद साधून, काही आठवड्यांच्या 'मनपरिवर्तन शिबिरा'नंतर त्यांना पालकांकडे पोहोचवते. घरी परत पाठवणे हे नेहमीच योग्य असते असे नाही. ज्या घरात मुलाचा छळ झाला तेथेच त्याला चौकशीविना सोडणे धोकादायक ठरते. म्हणून पुनर्मिलनापूर्वी गृहचौकशी आणि त्यानंतर पाठपुरावा आवश्यक मानला जातो.

मुलांसाठीची १०९८ ही मोफत दूरध्वनी सेवा 'चाइल्डलाइन' या नावाने जून १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली व पुढे देशभर पसरली. २०२३ पासून तिचे संचालन शासकीय यंत्रणेकडे गेले आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली.

कायदेशीर चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या क्षेत्रातील प्रमुख कायदा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय. बेघर, भीक मागणारे, रस्त्यावर राहणारे किंवा कामगार कायद्यांचे उल्लंघन करून कामाला लावलेले मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते.

अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. या समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. पोलीस, बाल कल्याण अधिकारी, समाजसेवक, डॉक्टर, जागरूक नागरिक किंवा स्वतः मूलही समितीकडे जाऊ शकते. समिती सामाजिक अन्वेषण अहवाल मागवते आणि मुलाला पालकांकडे सोपवणे, नातेवाइकांकडे ठेवणे, प्रतिपालक कुटुंबात देणे, प्रायोजकत्व मंजूर करणे किंवा बालगृहात पाठवणे यांपैकी योग्य आदेश देते.

कुटुंबाची जबाबदारी प्रथम आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, ही तत्त्वे कायद्यातच नमूद आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ मधील पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून वेगळे करण्याचे कारण होऊ शकत नाही. मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची या अधिनियमाखाली नोंदणी बंधनकारक आहे. मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुलाला भीक मागायला लावणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार वयाचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयोगटातील मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश सुनिश्चित करणे ही कर्तव्येही त्यात सांगितली आहेत.

कार्यपद्धती

कुटुंबाला आधार देण्याचे काम साधारणतः पुढील टप्प्यांनी चालते.

विश्वास संपादन : कार्यकर्ते ठरावीक जागी, ठरावीक वेळी नियमित जातात. पोलीस किंवा अतिक्रमणविरोधी पथकाच्या भीतीमुळे कुटुंबे आरंभी खरी माहिती देत नाहीत. गप्पा, खेळ, जखमेची मलमपट्टी यांतून ओळख वाढते.

कागदपत्रे : जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि बँक खाते यांवर बहुतेक योजनांचा लाभ अवलंबून असतो. पत्ता नसलेल्या कुटुंबाला हीच कागदपत्रे मिळवणे सर्वांत कठीण जाते. अर्ज भरणे, शपथपत्र करणे, कार्यालयात सोबत जाणे हे काम दिसायला किरकोळ, परंतु परिणामाने मोठे असते.

शाळा व पाळणाघर : एकटी आई घरकामाला किंवा नाक्यावर गेली की थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळा सोडते. अशा ठिकाणी एक पाळणाघर किंवा वेळेवर उघडणारी अंगणवाडी दोन मुलांचे भवितव्य सावरते. त्यानंतर अभ्यासवर्गाचा उपयोग होतो.

उत्पन्न व कर्ज : बचतगट, हातगाडीसाठी छोटे भांडवल, थकलेल्या मजुरीचा पाठपुरावा आणि सावकारी कर्जातून सुटका यांमुळे मुलाच्या कमाईवरील अवलंबन घटते.

आरोग्य : लसीकरण, कुपोषणाची तपासणी, क्षयरोगाचे पूर्ण उपचार आणि व्यसनमुक्ती यांचा यात समावेश होतो. कमावत्या व्यक्तीचे दीर्घ आजारपण हे कुटुंब रस्त्यावर येण्याचे एक प्रमुख कारण आहे.

शासकीय योजना

महाराष्ट्रातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ, एकल पालक असलेल्या किंवा पालक गंभीर आजारी वा कारागृहात असलेल्या मुलांच्या संगोपनासाठी दरमहा २,२५० रुपये दिले जातात. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'अंतर्गत पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकते. संजय गांधी निराधार अनुदान योजना ही विधवा, दिव्यांग व निराधार व्यक्तींसाठी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अंगणवाड्यांतून पूरक आहार व लसीकरण मिळते. जिल्हा पातळीवर महिला व बालविकास विभाग आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष ही संपर्काची ठिकाणे होत.

आपत्तिकाळातील कार्य

जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरार जलमय झाले, नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून रेल्वे वाहतूक थांबली आणि वसईच्या मिठागरांतील वस्ती पाण्याने वेढली गेली. अशा वेळी शिजवलेले अन्न, कोरडे कपडे व पिण्याचे पाणी यांची तातडीची गरज स्थानिक मंडळे व धर्मस्थळे भागवतात. पाणी ओसरल्यानंतर मात्र भिजलेली कागदपत्रे, वह्या-पुस्तके आणि बुडालेली मजुरी हे प्रश्न उरतात.

कोविड-१९ साथीच्या टाळेबंदीत रोजंदारी बंद पडल्याने हजारो कामगार कुटुंबे अडचणीत आली. मे २०२० मध्ये वसई रोड स्थानकातून श्रमिक विशेष गाड्या सोडण्यात आल्या. साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने पाच लाख रुपयांची मुदत ठेव आणि केंद्र शासनाने 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजना जाहीर केली. एक पालक गमावलेल्या मुलांची नावे बालसंगोपन योजनेत नोंदवण्यासाठीही स्वयंसेवकांचे साहाय्य उपयोगी पडते.

मर्यादा व टीका

धर्मादाय कार्यावरील मुख्य आक्षेप असा की, ते हक्काच्या जागी दया ठेवते. वाटप दात्याच्या सोयीने, सणावारी किंवा वाढदिवसानिमित्त होते; उरलेल्या दिवसांची जबाबदारी कोणी घेत नाही. सिग्नलवर मुलाच्या हाती दिलेले पैसे त्याला रस्त्यावरच राहण्याचे कारण पुरवतात, तर काही वेळा ते त्याच्यापर्यंत राहतही नाहीत. मदत स्वीकारणाऱ्या मुलांची छायाचित्रे प्रसारित केल्याने त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो.

वसतिगृह वा बालगृह अनावश्यक ठरते असे मात्र नाही. छळ झालेल्या, पूर्णतः अनाथ किंवा तस्करीतून सुटलेल्या मुलांना सुरक्षित निवासाची गरज असतेच. प्रश्न प्रमाणाचा व क्रमाचा आहे. गरिबीमुळे मूल संस्थेत जात असेल, तर तोच खर्च कुटुंबासाठी केल्यास मूल घरी राहू शकले असते का, हे आधी तपासावे लागते. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण सेवेची सोय केली असली, तरी कुटुंबाचे जाळे नसलेल्या तरुणाला निवारा व रोजगार मिळवणे अवघड जाते.

नागरिकांची भूमिका

एकटे, हरवलेले किंवा संकटात असलेले मूल आढळल्यास त्याला स्वतःच्या घरी नेऊन ठेवू नये किंवा परस्पर कोणाच्या स्वाधीन करू नये. १०९८ अथवा ११२ या क्रमांकावर कळवावे. स्थानकावर असल्यास रेल्वे सुरक्षा दल वा लोहमार्ग पोलिसांना सांगावे आणि मदत येईपर्यंत मुलासोबत थांबावे. मुलाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. पालकांपासून विभक्त झालेल्या, हरवलेल्या वा अनाथ वाटणाऱ्या मुलाची माहिती चोवीस तासांत संबंधित यंत्रणेस देणे कायद्याने बंधनकारक आहे.

कुटुंबासह राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत नियमित स्वरूपाचे साहाय्य अधिक उपयुक्त ठरते. आठवड्यातून ठरावीक वेळ अभ्यास घेणे, शाळाप्रवेशाच्या वेळी पालकांसोबत जाणे, योजनांचे अर्ज भरून देणे, अंगणवाडी सेविकेला कळवणे ही त्याची उदाहरणे होत. अशा कामाला पैशापेक्षा सातत्य अधिक लागते.

हे सुद्धा पहा

वसई-विरार शहर महानगरपालिका
पालघर जिल्हा
अनुताई वाघ
ताराबाई मोडक
वेठबिगारी
साखर शाळा
बालमजुरी
शिक्षणाचा अधिकार